नापास झालेल्याचे पुढे काय?

ग्वाल्हेर सोडून झाशीच्या रस्त्याला लागले की डबऱ्याच्या अलीकडे, एकमेकांपासून फार लांब नाहीत अशी दोन ठिकाणे आहेत, टेकनपूर आणि बिलौआ. टेकनपुरात सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. बिलौआत काळ्या दगडाच्या खदानी आहेत आणि त्या दगडाची गिट्टी पाडणारे क्रशर आहेत. सीमा सुरक्षा दलाच्या जवानाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे अशा पाच रकान्यांत त्याला श्रेणी मिळते, आणि पाचही ठिकाणी एकचा आकडा पडला की तो ‘शेप-वन’ ठरतो. बढतीची फाइल ही श्रेणी पाहिल्यावाचून पुढे सरकत नाही. तिकडे क्रशरच्या पट्ट्याखाली घमेले भरणाऱ्या माणसाच्या छातीला डॉक्टरची नळी लागलीच, तर ती बहुधा खोकला असह्य झाल्यावर आणि त्याच्याच खिशातल्या पैशाने.

ही तफावत आता बुजणार, असे सरकारचे म्हणणे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० सालची. ती पाच वर्षे कपाटात होती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने आरोग्य तपासणी होईल, असे ती लागू करताना जाहीर झाले. चांगलेच झाले. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वेळेवर कळले तर कुणाचे वाईट होणार आहे? पॅथॉलॉजीवाल्यांचेही भलेच होईल. मालनपूर आणि बानमोरच्या कारखान्यांत तंबू ठोकून होणारी शिबिरे वाढतील, रांगा लागतील, शिक्के उठतील.

ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना तपासणी म्हणजे काय हे सांगायला नको. या शहरातल्या मराठी माणसाची पोटापाण्याची वाट बहुतेक सरकारी कचेऱ्या, बँका आणि शाळांवरून गेलेली. नोकरी लागली की आधी सिव्हिल सर्जनसमोर उभे राहायचे, छातीचा फोटो काढायचा, डोळ्यांचा तक्ता वाचायचा आणि फिटनेसचा दाखला घेऊन रुजू व्हायचे. त्या दाखल्याची आम्हाला कधी भीती वाटली नाही. उमेदवारीचा तो एक क्षण पार पडला की पुढे तीस-पस्तीस वर्षे कुणी आम्हाला प्रकृतीवरून घरी पाठवणार नाही, याची खात्री होती. मधुमेह निघाला तर गोळ्या, हृदयविकार निघाला तर रजा आणि वैद्यकीय बिल. पगार चालूच.

सगळा फरक इथे आहे. तपासणी किती वेळा होते, किती महाग यंत्रांनी होते, अहवाल मोबाइलवर येतो की हातात मिळतो, या गोष्टी नंतरच्या. तिच्यात नापास होणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे आधी विचारले पाहिजे. त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तपासणी एक तर होत नाही, किंवा होते आणि खोटी होते.

रेल्वेचे पाहा. ग्वाल्हेर स्टेशनातून दिवसरात्र दिल्ली-झाशीच्या गाड्या धावतात. त्या हाकणाऱ्या लोको पायलटची नजर आणि रंग ओळखण्याची ताकद ठरलेल्या मुदतीने तपासली जाते. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, पंचावन्नीनंतर दरवर्षी. या तपासणीवर चालक मंडळी कुरकुरतात, पण जातात. कारण नापास झाला तर माणूस ‘मेडिकली डिकॅटेगराइज’ होतो. इंजिनावरून उतरतो, पण रेल्वेतून उतरत नाही. दुसरे काम मिळते, पगाराची श्रेणी राखली जाते, आणि योग्य जागा रिकामी नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवले जाते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यासाठी हे संरक्षण १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ४७ व्या कलमाने आले. २०१६ च्या नव्या कायद्यात ते २० व्या कलमात आहे. लोको पायलटने डॉक्टरपुढे खरे बोलावे यासाठी केलेली ही खरी सोय. रंगीत ठिपक्यांचे तक्ते नंतर कामाला येतात.

आता घाटीगावच्या बाजूच्या वालुकाश्माकडे वळू. हा दगड ग्वाल्हेरची ओळख आहे. मानसिंह तोमराचा महाल त्याचा, महंमद घौसच्या मकबऱ्याची जाळी त्याची, आणि जुन्या घरांच्या छतावरच्या पटियाही त्याच्याच. पांढऱ्यावर हिरवट झाक असलेली त्यातली एक जात ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने विलायतेत जाते आणि तिथल्या बागांतल्या पायवाटांवर अंथरली जाते. विलायतेतला कारागीर तीच फरशी कोपऱ्यात बसवण्यासाठी कापतो तेव्हा त्याने पाणी मारून कापावी, धूळ खेचणारे यंत्र लावावे, मापाचा मुखवटा चढवावा असे तिथले नियम सांगतात. हवेत दर घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त सिलिका नको, ही तिथली आठ तासांची मर्यादा.

आपल्याकडे अशी मर्यादा नाही असे कुणाला वाटेल. तसे नाही. कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूत्रच होते. धुळीतल्या क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकी सिलिकाच्या, टक्केवारीत दोन मिळवायचे आणि त्या बेरजेने दहाला भागायचे. वालुकाश्म म्हणजे बव्हंशी क्वार्ट्झच. टक्केवारी नव्वद धरली तर उत्तर ०.११ मिलिग्रॅम येते, म्हणजे जवळजवळ विलायतेएवढेच. आपले कायदे लिहिणारे अडाणी कधीच नव्हते. कोरड्या कटरवर, तोंडाला गमछा बांधून दगड चिरणाऱ्याच्या नाकापाशी ते मोजणारे यंत्र घेऊन कुणी उभे राहिले पाहिजे, एवढाच भाग राहून गेला.

सिलिकाचा जो कण घात करतो तो डोळ्यांना दिसतही नाही. चारपाच मायक्रॉनचा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. त्याला गिळायला आलेल्या पेशी मरतात, त्या जागी व्रण धरतात, व्रणांच्या गाठी होतात. हाच सिलिकोसिस. धूळ भरपूर असेल तर हे काही वर्षांतच होते. बेताची असेल तर दहा-वीस वर्षे लागतात. काम सोडले तरी रोग थांबत नाही, आणि बरा करणारे औषध नाही. बिलौआच्या काळ्या दगडात सिलिका कमी असते, हे खरे. तिथल्या क्रशरच्या धुळीला वेगळ्या मापाने मोजावे लागेल. पण मोजावे तर लागेलच.

या रोगाची गाठ क्षयाशी पडते तेव्हा घोटाळा वाढतो. सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो. शिवाय छातीच्या फोटोत दोघांच्या सावल्या सारख्या दिसू शकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सिलिकोसिसचे फोटो वाचण्यासाठी प्रमाण-फोटोंचा संच केला आहे, तो शेजारी ठेवून वाचायची सवय असलेले डॉक्टर थोडे. बाकीचे टीबी म्हणतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या देतात. चंबळ-ग्वाल्हेर भागातले सहरिया आदिवासी हे क्षयाने पोखरलेले लोक. शेजारच्या श्योपूर जिल्ह्यातल्या कराहल भागात केलेल्या पाहणीत लाखामागे सुमारे पंधराशे जणांना फुप्फुसाचा क्षय आढळला होता. २०१९ ते २०२१ च्या देशव्यापी पाहणीत हाच आकडा तीनशेच्या आसपास आहे. कुपोषण, विडी, दाटीची झोपडी ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण सहरिया माणूस दगडाच्या खदानीतही राबतो, आणि त्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव लिहून घेणारा धंदा विचारत नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांमध्ये एकाची भर घालायला सांगितली होती: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षांत तो प्रश्न आपल्या ओपीडीच्या रांगेपर्यंत पोचलेला नाही.

मालक तपासणी करत नाही, हे अर्धेच सत्य. कामगारालाही ती नको असते. फोटोत डाग दिसला तर उद्या काम नाही, आणि दुसऱ्या खदानीवर बातमी आपल्याआधी पोचते. कर्ज आहे, पोरीचे लग्न आहे, आणि खोकला तर सगळ्यांनाच आहे. मालकाला कागद नको, मजुराला निदान नको. दोघांचा हा न बोलता झालेला करार शिबिराच्या एखाद्या गाडीने मोडत नाही. गाडी आली की जो धडधाकट तो पुढे होतो, जो धापा टाकतो तो त्या दिवशी गावी गेलेला असतो. हाती येणारे आकडे मग फार छान येतात.

असली तपासणी उलटी चालते हा अनुभव जुना आहे. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींसाठी १९१६ साली खास वैद्यकीय मंडळ नेमले गेले. गोऱ्या खाणकामगारांची नियमित तपासणी आणि रोग निघाला तर भरपाई, अशी ती व्यवस्था. काळ्या मजुरांचे वजन करत आणि ते घटलेले दिसले की त्यांना गावी पाठवून देत. गावी जाऊन मेलेल्याची नोंद खाणीच्या वहीत कशाला येईल? सिलिकोसिसवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९३० मध्ये जोहान्सबर्गलाच भरली, कारण या रोगाची इतकी शास्त्रीय माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. माणसांची गिट्टीसारखी चाळणी करून तुटलेले तेवढे बाहेर टाकणे, याचेही उत्तम शास्त्र होऊ शकते.

आपल्या मध्य प्रदेशातलेच उदाहरण हवे तर मंदसोर घ्या. पाटीवरची पेन्सिल आपण सगळ्यांनी झिजवली, काहींनी चोरून खाल्लीही. ती मंदसोरला विजेच्या करवतीने कापली जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या ५९३ कामगारांना तपासले, त्यांतल्या ३२४ जणांना सिलिकोसिस निघाला. निष्कर्ष १९८५ मध्ये छापून आले. अर्ध्याहून अधिक. त्यांच्यात तरणीताठी माणसे होती. राज्य सरकारने १९८२ मध्येच स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला होता, म्हणजे रोग कुणापासून लपलेला नव्हता. अशा धंद्यात तपासणीला चाळिशीची अट घालणे म्हणजे वरातीमागून घोडे. चाळिशीचा आकडा साखर आणि रक्तदाब डोळ्यांपुढे ठेवून काढलेला दिसतो. धुळीच्या धंद्यात पहिला फोटो कामावर येण्याच्या दिवशी हवा आणि शेवटचा काम सोडल्यानंतरही, काही वर्षांनी.

धंद्याप्रमाणे तपासणीची वेळही बदलते, हे बिरलानगरच्या जुन्या मिल कामगारांना विचारावे. १९२१ साली बिर्लांनी उभी केलेली जयाजीराव कॉटन मिल बंद पडून तीस वर्षे उलटली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये छाती आवळते ती सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी. दम मोजायचा तर त्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर मोजला पाहिजे. शुक्रवारी दुपारी, साहेबांच्या सोयीने आलेल्या गाडीला तो सापडत नाही.

नव्या संहितेत आणखी एक गोम आहे. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांचा असला तरी कायद्यात येई, आता वीस लागतात. विजेविना चालणाऱ्याला वीसचे चाळीस. दगड चिरणाऱ्या लहान शेडमध्ये वीस माणसे कागदावर कधी सापडायची? खाणींना संख्येची अट नाही, आणि धोक्याच्या कामात एक कामगार असला तरी सरकार संहिता लागू करू शकते, अशी तरतूद आहे. ‘करू शकते’ या दोन शब्दांत पुष्कळ काही मावते. दगडकाम त्या यादीत घालणारी अधिसूचना निघाली तर ही तक्रार आम्ही आनंदाने मागे घेऊ.

कायद्यात नापासाची सोय कधी नव्हतीच का? होती. १९५२ च्या खाण कायद्यात १९८३ च्या दुरुस्तीने ९-अ कलम आले. आरोग्य सर्वेक्षणात खाणकामगार अनफिट ठरला आणि ते खाणीतल्या कामामुळेच असेल तर मालकाच्या खर्चाने उपचार, उपचाराच्या काळात पूर्ण पगार, बरा न झाल्यास झेपेल असे दुसरे काम, ते लगेच नसेल तर अपंगत्व भत्ता, आणि नोकरी सोडायचे ठरवले तर ठोक रक्कम. रेल्वेइतकीच नाही तरी बरीच माणुसकी त्या कलमात होती. शिवाय सिलिकोसिस हा भरपाईस पात्र असा व्यावसायिक रोग म्हणून कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेला आहे. अडते ते एका ठिकाणी. हा माणूस आमच्याकडे होता, असे कुणी म्हणायला तयार नाही. खदानीचा पट्टा एकाचा, काम दुसऱ्या ठेकेदाराचे, त्याखाली पेटी ठेकेदार, आणि मजुरी फुटावर. हजेरीपटावर अंगठा नाही, तर रोग कुणाच्या खदानीतला?

याचा कडेलोट झाबुआ, अलीराजपूर, धारच्या आदिवासींनी पाहिला. गुजरातेत गोध्रा, बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत ते मजुरीला गेले आणि धापा टाकत परत आले. मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढल्यावर २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. कारखानदारांना नव्हे, सरकारला. दरम्यान माणसे गेलीच.

म्हणून नव्या संहितांमधली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आरोग्य तपासणी नव्हेच. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे झाले आहे, ती आहे. दगडफोड्याच्या हातात मालकाच्या सहीचा, तारखेचा एक कागद असेल तर पंधरा वर्षांनी काढलेल्या छातीच्या फोटोला अर्थ येईल. कामगार निरीक्षकांनी (आता त्यांना निरीक्षक-तथा-सुलभक म्हणायचे असते) घाटीगावच्या एका खदानीवर जाऊन नुसती नेमणूकपत्रे मागितली, तरी दहा शिबिरांहून अधिक काम होईल.

मालक सापडेपर्यंत काय, याचे उत्तर चंबळेपलीकडे आहे. धौलपूर आणि करौलीचा दगड आपल्या दगडाचाच भाऊबंद, मजूरही तसेच. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरण आणले. कामगार स्वतः नोंदणी करतो, वैद्यकीय मंडळ तपासते, दाखला मिळाला की तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख. मालक कोण होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या धाप लागलेल्या माणसावर टाकलेली नाही. पैसा जिल्हा खनिज निधीतूनही येतो. त्यात खोट्या दाखल्यांच्या भानगडी झाल्या, दलालही उगवले. पण एक गोष्ट त्यातून दिसली. निदानानंतर हाती काही पडणार असे कळल्यावर लोक फोटो काढायला आपणहून रांगेत उभे राहिले. मध्य प्रदेशात त्यांना शोधायला जावे लागते.

ग्वाल्हेरला हे जमण्यासारखे आहे. १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे आणि जयारोग्यसारखे मोठे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. खनिज निधीच्या खर्चात आरोग्य हा प्राधान्याचा विषय म्हणून केंद्रानेच सांगून ठेवला आहे. प्रमाण-फोटो वाचायला चार डॉक्टरांना शिकवणे आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी घाटीगावात बसणारे मंडळ नेमणे याला नवी इमारत लागत नाही, त्यामुळे उद्घाटनाची पाटीही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते सुचत नसावे. आणि मंडळ होईपर्यंत क्षयाच्या नोंदणीत एक ओळ वाढवता येईल: पत्थर का काम किया है? कितने साल? ‘हो’ म्हणणाऱ्याचा फोटो सिलिकोसिस ओळखणाऱ्या डॉक्टरकडे पाठवायचा, आणि तो जिथे राबला त्या खदानीत धूळ मोजायला त्याच आठवड्यात माणूस धाडायचा. त्याचे नाव मात्र ठेकेदाराला कळवायचे नाही.